पाटीवर दोन नावे, वहीत एकच

जत्रा कमिटीची बैठक बसली की वर्गणीच्या आधी एक प्रश्न निघतोच, "आवंदा तमाशा कुणाचा?" सातारा-सांगलीच्या मुलखात त्याचे उत्तर कित्येक पिढ्या जोडनावानेच मिळत आले. उमा-बाबूचा. शिवा-संभाचा. काळू-बाळूचा. एका बैलाने नांगर चालत नाही, तसा एकट्याच्या नावाने फड चालत नाही, असा जणू रिवाजच होता. आता जाहिरातीच्या फलकावर बहुतेक वेळा एकच चेहरा असतो, तोही नाचणाऱ्या पोरीचा. तिच्या मागे ढोलकीला कोण, नाच बसवला कोणी, फड सांभाळतो कोण, हे कुणी विचारत नाही.

शहरात नाच बसवणाऱ्याला नृत्यदिग्दर्शक म्हणतात. त्याचे नाव पडद्यावर येते, बक्षिसे मिळतात, दोघांनी मिळून काम केले तर दोघांच्या मुलाखती छापून येतात. आपल्याकडे या कामाला वेगळा शब्द नव्हता. पण काम होते. फडात नवी पोरगी आली की तिला कुणीतरी उभे करायचेच, गवळणीत कोण कुठून येणार हे कुणीतरी ठरवायचेच. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा दोघे-तिघे असत आणि बहुतेक वेळा एका घरातले.

सावळज आणि रेठरे

तासगाव तालुक्यातले सावळज आज द्राक्षासाठी माहीत आहे. तमाशाच्या इतिहासात त्याची जागा त्याहून जुनी आहे. उमा-बाबू सावळजकर या जोडीने रंगवलेला 'मोहना-बटाव' हा तमाशातला पहिला वग मानतात, साल १८६५ च्या सुमाराचे. त्याआधी तमाशात गण, गवळण, लावणी, सवाल-जबाब असे सगळे होते, पण रात्रभर चालणारे कथानक नव्हते. ते आणले मांग समाजातल्या या कलावंतांनी. शाळा-कॉलेजात नाटकाचा इतिहास शिकवताना विष्णुदास भाव्यांचे सांगली आणि १८४३ साल हमखास सांगतात. तिथून काही मैलांवरचे सावळज मात्र वर्गात फारसे येत नाही.

दुसरे गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. कऱ्हाडकडचे रेठरे बुद्रुक साखर कारखान्यामुळे जास्त लोकांना माहीत, म्हणून घोटाळा होतो. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी १८६६ मध्ये या हरणाक्षाच्या रेठऱ्यात जन्मले. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याचे सांगली जिल्हा असे नाव झाले १९६० मध्ये. कुलकर्ण्याचा पोर तमाशात गेला, घर सुटले, जात सुटली आणि तो पठ्ठे बापूराव झाला. त्याची जोडी जमली पवळाशी. पवळा महार समाजातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची. बापूरावांनी शब्द लिहायचे आणि पवळाने ते पायात, हातात, डोळ्यात आणायचे. या जोडीने त्या काळात मुंबई-पुणे गाजवले.

इथे थोडे थांबायला पाहिजे. बापूरावांच्या लावण्या छापून निघाल्या. त्यांच्यावर पुस्तके झाली, १९५० मध्ये त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट आला. शेवटची वर्षे हलाखीत काढून ते १९४५ मध्ये पुण्यात वारले, हेही लोकांना ठाऊक आहे. पवळाचे काय राहिले? आठवणी, दंतकथा आणि नाव. एखादी लावणी तिने कशी मांडली, कुठल्या शब्दावर ती थांबायची, कुठे ढोलकीला वाट द्यायची, हे कुणी टिपून ठेवले नाही. टिपायला लेखणी चालत नव्हती आणि तिचे पाय पाहणाऱ्याला लिहायचे सुचत नव्हते. जोडीतला लिहिणारा राहिला, नाचणारी गेली. पुढे ही गोष्ट प्रत्येक जोडीत थोडीफार अशीच घडली.

आणि नुसते गौरव करून भागत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, १९२७ च्या सुमारास, पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली होती. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, अशी त्यांची भूमिका होती. जोडनावात दोघांची नावे असली तरी दोघांचा वाटा आणि दोघांचा मान सारखा नव्हता, हे बाबासाहेबांना दिसले होते. तमाशाचे गोडवे गाताना आपण हे गिळून टाकतो.

कवलापूरची जुळी भावंडे

सांगलीहून तासगावला जाताना कवलापूर लागते, तालुका मिरज. इथल्या खाडे घराण्यात तमाशा वाडवडिलांपासून. शिवा-संभा कवलापूरकर या भावांच्या फडाचे नाव दूरवर झाले. त्यातल्या संभाजी खाडे यांना १९३३ मध्ये जुळे मुलगे झाले, लहू आणि अंकुश. ही नावे आज कुणाला सांगून पाहा, कोण ते म्हणतील. काळू-बाळू म्हणा, साठीपुढचा कुठलाही माणूस हसायला लागेल. 'जहरी प्याला' या वगात दोघांनी काळू आणि बाळू नावाचे हवालदार केले, आणि भूमिकांची ती नावे आयुष्यभर चिकटली. पुढे फडाची पाटीच 'काळू-बाळू' झाली.

जुळे असणे हे त्यांचे भांडवल होते, पण नुसत्या तोंडावर कुणी रात्रभर बसत नाही. सोंगाड्याचे काम म्हणजे अर्धे बोलणे आणि अर्धे अंगाचे. आत कधी यायचे, कुठे वळायचे, लाठी कुठे टेकायची, दुसऱ्याचे बोलणे संपायच्या आधी आपली मान कुठे फिरवायची, हा सगळा हिशेब असतो. सारख्या तोंडाची दोन माणसे एकाच वेळी बोर्डावर असली की तो हिशेब दुप्पट अवघड. जरा चुकले की गोंधळाची गंमत जाते आणि नुसता गोंधळ उरतो. हे काम कागदावर बसवलेले नव्हते. जन्मापासून बरोबर वाढलेल्या दोन माणसांचे होते आणि एक गेल्यावर दुसऱ्याला ते कुणाबरोबर करता येण्यासारखे नव्हते. काळू म्हणजे लहू खाडे २०११ मध्ये गेले आणि ती जोडी तिथेच फुटली.

ढोलकी-फडातला नाच कसा उभा राहतो हे प्रेक्षकात बसून कळत नाही. गण झाला की गवळण. त्यात गवळणी, पेंद्या, मावशी, वाटेत आडवा आलेला कृष्ण. मग लावण्या, रंगबाजी आणि मध्यरात्रीनंतर वग. गवळणीतल्या पोरींना उभे करते ती फडातली थोरली नाची. पण खरा जोडीदार असतो ढोलकीवाला. ती घुंगरात काही बोलते, तो ढोलकीवर तेच परत देतो आणि वर चार मात्रांची कुरापत काढतो. ती त्याला उत्तर देते. पुढच्या गावात हाच सवाल-जबाब थोडा वेगळा होतो. शंभर रात्रींनंतर जे टिकते तो नाच. याला दिग्दर्शक कोण म्हणायचा? ती म्हणावी तर ढोलकीशिवाय तिचे पाऊल उठत नाही. तो म्हणावा तर तो जागचा हलत नाही. हलगी, तुणतुणे, कडीवाले मागे उभे राहून झील धरतात, त्यांचाही वाटा आहेच. ढोलकीवाला फड सोडून दुसऱ्याकडे गेला की नाचीचा नाच महिना-दोन महिने लंगडतो, हे फडमालकाला पक्के माहीत असते. म्हणून उचल देताना ढोलकीवाल्याचा आकडा कधी हलका धरत नाहीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. अश्लीलतेचे कारण होते. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे वगाची संहिता लिहून सरकारी मंजुरीला पाठवायची, अशी पद्धत आली. तोंडी चालणारे वग त्या निमित्ताने कागदावर उतरले, एवढा एक फायदा झाला म्हणायचा. नाचाचा कागद सरकारनेही मागितला नाही. नंतरच्या काळात वगांच्या कॅसेट निघाल्या, आवाज राहिले. पावले तशीच गेली.

वाईच्या तिघी

साताऱ्याकडे वळले की वाईचे नाव आधी येते. घाटाची वाई, विश्वकोशाची वाई, आणि यमुनाबाईंची वाई. यमुनाबाई वाईकर १९१५ मध्ये कोल्हाटी समाजातल्या गरीब घरात जन्मल्या. घरात गाणे-नाचणे होते. ते हौसेपोटी नव्हते, भाकरीसाठी होते. लावणीचे पहिले धडे आईकडून मिळाले. लहान वयातच त्या फडात उभ्या राहिल्या, मुंबईपर्यंत जाऊन आल्या, आणि घरच्याच हिराबाई-ताराबाईंबरोबर पार्टी उभी केली. पाटीवर तिघींची नावे होती, यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी.

संगीत पार्टी आणि ढोलकी-फड यांत फरक आहे, आणि हा फरक गावोगावच्या जत्रा कमिट्यांना सांगावा लागतो, कारण तिथे सगळ्याला सरसकट तमाशाच म्हणतात. संगीत पार्टीत वग नाही. बायका स्वतः गातात आणि स्वतः नाचतात, पेटी-तबला-ढोलकीवर. फडाची मालकी बऱ्याचदा पुरुषाकडे असते, पार्टी मात्र बायकांच्या नावाने चालते. बैठकीच्या लावणीत तर उभे राहायचीही गरज नसते. मांडी घालून बसायचे, एकच ओळ पाच-सहा वेळा म्हणायची आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ बदलायचा. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा नुसती भुवई. याला अदा म्हणतात. आपण म्हणतो नाच म्हणजे उड्या. वाईत हे बसल्या जागी होत होते.

तिघी एकत्र असण्याचा उपयोग इथे कळतो. एकीचा आवाज बसला की दुसरी गाणे उचलते. एक अदा करत असताना दुसरी तिच्या मागे सूर धरून ठेवते, म्हणून तिला श्वास घ्यायला जागा मिळते. आणि बैठकीला आलेला माणूस पैसे दाखवून मर्यादा सोडायला लागला तर एकटी बाई आणि तिघीजणी यांत फरक पडतो. हा शेवटचा मुद्दा कलेच्या पुस्तकात सापडत नाही. पण पार्टीत बहिणी-बहिणी, मावशी-भाच्या असण्याचे ते मोठे कारण आहे.

पुढे दिवस पालटले. सिनेमाची गाणी आली, लोक तीच मागायला लागले. यमुनाबाईंच्या जुन्या बैठकीच्या लावण्या अभ्यासकांच्या आणि शहरी रसिकांच्या कानावर नव्याने पडल्या त्या बऱ्याच उशिरा. सत्तरच्या दशकात कथकचे बिरजू महाराज यांच्याबरोबर त्यांची जुगलबंदी झाली, आणि लखनौ घराण्याच्या भावाला वाईची अदा तोडीस तोड उत्तर देते हे जाणकारांनी मान्य केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वय तेव्हा शहाण्णव. १५ मे २०१८ रोजी वाईत त्यांचे निधन झाले, शंभरी ओलांडून. वर्तमानपत्रांनी मोठ्या बातम्या दिल्या आणि ते योग्यच झाले. हिराबाई-ताराबाईंना मात्र त्या बातम्यांत एखादी ओळ आली तर आली.

साताऱ्याचे आणखी एक नाव घ्यायला हवे. कांताबाई सातारकर. मेळ्यातून सुरुवात करून त्या तुकाराम खेडकरांच्या फडात गेल्या आणि ती जोडी गाजली. लावणी तर होतीच, पण वगात पुरुषाच्या भूमिकाही त्या करत. १९६४ मध्ये खेडकर गेले. अशा वेळी जोडीतल्या बाईचा फडावर हक्क किती, हा प्रश्न आपल्याकडे कुणी कायद्याच्या भाषेत कधी सोडवला नाही. कांताबाईंनी लेकरांना घेऊन पुन्हा सुरुवात केली आणि मुलगा मोठा झाल्यावर फडाची पाटी लागली, 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. 'सह' हा शब्द लहान, पण त्याने आईचे नाव पाटीवर ठेवले. मे २०२१ मध्ये, जत्रा बंद असतानाच, कोरोनाने त्यांचा बळी घेतला.

शहरातल्या जोड्यांनी काय केले

गेल्या वीसेक वर्षांत शहरातले काही लोक या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. सावित्री मेधातुल यांनी संगीत बारीतल्या बायकांवर 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट केला. भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ मध्ये आले. दोघांनी मिळून त्याच नावाचा कार्यक्रम रंगमंचावर आणला. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीतल्या मुरलेल्या कलावंत स्वतः गात-नाचत आणि दोघांपैकी कुणीतरी मध्ये बसून लोकांना सांगत की ही लावणी कोणती, ही अदा कशाची. मला यातली एक गोष्ट पटली. लेखक-दिग्दर्शकांनी नाच बसवायचा आव आणला नाही. नाच ज्यांचा होता त्यांच्याकडेच ठेवला आणि त्यांची नावे जाहिरातीत घातली. बापूराव-पवळाच्या बाबतीत जे राहून गेले ते निदान इथे झाले.

तिकीट काढून येणारा प्रेक्षक मात्र पुण्या-मुंबईचा. वाळव्याच्या किंवा खटावच्या शेतकऱ्याने ते पाहायचे कुठे?

दहाची शिट्टी

आपल्याकडचा मूळ प्रश्न वेळेचा आहे. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. डीजेच्या भिंती पाहता हा नियम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तमाशाचे गणित रात्रीवर बेतलेले आहे. दिवसभर पालखी, कुस्त्या, जेवणावळ. लोक मोकळे होतात नऊला. दहाला शिट्टी वाजली तर गण, गवळण आणि दोन-चार लावण्या एवढेच होते. वग होतच नाही. म्हणजे सावळजकरांनी दीडशे वर्षांपूर्वी जे आणले तेच कापले जाते, आणि काळू-बाळूंसारख्या जोड्यांचे काम जिथे दिसायचे ती जागाच राहत नाही. उरतो तो सिनेमाच्या गाण्यावरचा नाच. मग लोक म्हणतात, तमाशात आता काय राहिलंय?

नियमात सवलत आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक सणासाठी, रात्री बारापर्यंत परवानगी देता येते. आपल्याकडे हे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. ते बहुतेक गणपती, नवरात्र, शिवजयंती, नाताळ-एकतीस डिसेंबर यांतच संपतात. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा त्यात क्वचित बसतात. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, त्यामुळे एका यादीत त्या मावणेही अवघड आहे. म्हसवडचा रथ मार्गशीर्षात, बावधनचे बगाड फाल्गुनात. पण ग्रामसभेने ठराव करून जत्रेची तिथी वेळेत तहसीलदारांमार्फत वर पाठवली तर निदान मागणी नोंदली जाते. ठराव झालेला नसेल तर बोलायला जागाच नाही. काही गावांनी दुसरा मार्ग धरला आहे, तमाशा दुपारी किंवा संध्याकाळी पाचला लावायचा. उन्हात कनातीखाली वग रंगत नाही, पण पूर्ण होतो.

दुसरे काम पंचायत समितीच्या दारातले. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना सरकार मानधन देते. पूर्वी राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा तीन श्रेणी होत्या आणि रक्कम वेगवेगळी. २०२४ मध्ये ती सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. पन्नाशी ओलांडलेला कलावंत त्यात बसतो, उत्पन्नाची अट आहे, आणि जिल्ह्यातून वर्षाला शंभर जणांची निवड होते. अडते ते पुराव्यावर. वासुदेव, गोंधळी, भजनी यांच्याकडे मंडळाची पत्रे असतात. वीस वर्षे दुसऱ्याच्या फडात नाचलेल्या बाईकडे काय असते? हँडबिलावर मालकाचे नाव, पावतीवर मालकाची सही. ढोलकीवाल्याचीही तीच गत.

अशा वेळी जत्रा कमिटीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या उपयोगी पडू शकतात. बऱ्याच गावांत त्या देवळाच्या पेटीत किंवा माजी पाटलाच्या घरी पडून असतात, काहींना वाळवी लागली आहे. तमाशाची सुपारी, बैलगाड्या, पुढे ट्रकचे भाडे, फडाला दिलेला शिधा, सगळे त्यात तारखेनिशी असते. ग्रामसेवकाने त्या वर्षांचा उतारा काढून शिक्क्यानिशी दिला, आणि त्या वर्षी कमिटीत असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांनी अमकी बाई त्या रात्री नाचली होती असे लिहून सही केली, तर अर्जाला काहीतरी आधार होतो. सही देणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वहीत तिचे नाव सापडायचे नाही. तिथे फडमालकाचेच असते.